सांता मोनिकाच्या थर्ड स्ट्रीट प्रोमनाडला आईबाबांना न्यायचंय, बाबांचा गुडघा दुखतो, कसं जमवू?

महालची_पोर:
नमस्कार मंडळी, मे मध्ये आईबाबांना घेऊन एलएला (लॉस एंजेलिसला) जाऊन राहिली मी, लहान बहीण तिथे डाऊनटाऊनमध्ये सेव्हन्थ स्ट्रीटच्या मेट्रो स्टेशनजवळ राहते पण तिला वीकडेला सुट्टी नाही, म्हणजे आम्हा तिघांनाच फिरायचं आहे. बाबांचं नागपूरच्या बर्डीवर (सीताबर्डी बाजारात) ३५ वर्षं कापडाचं दुकान होतं, आत्ता दोन वर्षांपूर्वी बंद केलं. बहिणीने फोनवर सांगितलं की इकडे समुद्राजवळ प्रोमनाड म्हणून एक अख्खा बाजाररस्ता गाड्यांना बंद आहे, तेव्हापासून बाबांचं एकच, मला तो रस्ता पाहायचा आहे, तिथले दुकानदार धंदा कसा करतात ते पाहायचं आहे. डिस्नेलँडचं नाव काढलं तर नको म्हणतात.
अडचण अशी की त्यांचा उजवा गुडघा दुखतो, सलग दहा मिनिटांच्या वर चालवत नाही. आणि दोघंही शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. गाडी न घेता जमते का? बसायला जागा असते का? समुद्र तिथून किती लांब आहे? खरेदीचं काही विशेष नाही, फक्त बाबांची इच्छा नीट पूर्ण व्हावी एवढंच आहे.

सध्या_एलए:
ताई आरामात जमते, मी धरमपेठचा, इकडे सहा वर्षं झाली. बहिणीच्या स्टेशनवरूनच ई लाईनची मेट्रो पकडायची, शेवटचं स्टेशन डाऊनटाऊन सांता मोनिका, पाऊण तास ते पन्नास मिनिटं धरून चला. ही लाईन तिथपर्यंत २०१६ ला पोचली, त्याआधी बसशिवाय सोय नव्हती. टॅप कार्ड (मेट्रोचं तिकीट-कार्ड) तिघांची वेगवेगळी लागतात, एकाच कार्डावर तिघं जाता येत नाही. स्टेशन फोर्थ आणि कोलोरॅडोच्या कोपऱ्यावर आहे, बाहेर पडले की समोरच सांता मोनिका प्लेस नावाचा उघडा मॉल, त्यातून सरळ गेलं की ब्रॉडवे ओलांडून प्रोमनाड सुरू. ब्रॉडवे ते विल्शर असे तीन ब्लॉक, सगळं मिळून अर्ध्या किलोमीटरच्या थोडं वर, आणि एकदम सपाट. मध्ये दोन रस्ते आडवे जातात तिथे गाड्या असतात, तेवढं सिग्नल पाहून ओलांडा. बाक भरपूर आहेत. बाथरूमसाठी मॉल बरा. एका ब्लॉकनंतर बसायचं, गाणं वाजवणारा कोणी असला तर ऐकायचं (तिथे वाजवायला शहराचं परमिट लागते), मग पुढचा ब्लॉक. डायनोसॉरच्या आकाराची झाडं लावलेली कारंजी आहेत, आईंना आवडतील.
एक मात्र आधीच सांगून ठेवतो, करोनानंतर बरीच दुकानं रिकामी पडली, काही ठिकाणी काचेवर नुसते पोस्टर लावलेले दिसतात. बाबांना ते लगेच दिसेल.

जुना_बर्डीवाला:
ताई तुमच्या बाबांचा प्रश्न वाचून बरं वाटलं, आमचंही दुकान बर्डीवरच आहे म्हणून थोडं लांब लिहितो. मी २०१९ मध्ये मुलाकडे गेलो होतो तेव्हा त्या रस्त्यावर दोन दिवस नुसता बसून होतो. तो रस्ता १९६५ मध्ये गाड्यांना बंद केला. बंद केला म्हणून लगेच चालला असं नाही झालं बरं का, हळूहळू मरगळ आली, आणि १९८० मध्ये त्याच्याच टोकाला मोठा बंदिस्त मॉल उभा राहिला, फ्रँक गेरी नावाच्या मोठ्या आर्किटेक्टचा, मग गिऱ्हाईक तिकडे वळलं. १९८९ मध्ये रस्ता नव्याने बांधला, सिनेमागृहं आणली, बाहेर टेबलं टाकून खाण्याची सोय केली, तेव्हा कुठे तो संध्याकाळी भरायला लागला. नंतर गंमत पाहा, त्या मॉलचंच छप्पर काढून २०१० मध्ये तो उघडा केला. म्हणजे रस्त्याने मॉलला शिकवलं.
बाबांना दोन गोष्टी मुद्दाम दाखवा. पहिली, दुकानांच्या मागच्या गल्ल्या. माल तिथून उतरतो, समोर टेम्पो कधीच उभा राहत नाही. दुसरी, दोन्ही बाजूंच्या समांतर रस्त्यांवर, सेकंड आणि फोर्थवर, सरकारी पार्किंगच्या इमारती. गिऱ्हाईक गाडी तिथे लावतो आणि पायी आत येतो. आपल्याकडे गाड्या बंद करा म्हटलं की आम्ही दुकानदार घाबरतो ते याच दोन गोष्टींसाठी, माल कुठून आणू आणि गिऱ्हाईक गाडी कुठे लावेल. त्यांनी त्याची व्यवस्था केली. हे माझं कळकळीचं मत आहे.

तर्री_लवर:
खाण्याचं मी सांगते. मेक्सिकन सगळ्यात सोपं पडते, बीन बरिटो, पण विचारायचंच की बीन्समध्ये लार्ड म्हणजे डुकराची चरबी आहे का आणि भात चिकनच्या पाण्यात शिजवला आहे का. आम्ही पहिल्या वेळी विचारलं नाही, सासूबाईंना नंतर कळलं तेव्हा फार वाईट वाटलं त्यांना. फलाफल चालते, पिझ्झा चालतो. टेबलावर बसून खाल्लं तर १८-२० टक्के टिप धरा, आणि दुकानात टॅगवर लिहिलेल्या किमतीवर दहा टक्क्यांच्या वर टॅक्स काउंटरवर लागतो, बाबांना आधी सांगून ठेवा. सोबत ठेपले आणि शेंगदाण्याची चटणी न्याच.
आणि शक्य असलं तर बुधवारी जा!! ॲरिझोना ॲव्हेन्यूवर सकाळी ८ ते १ शेतकरी बाजार भरतो, १९८१ पासून, प्रोमनाडला आडवाच लागते तो रस्ता. जो पिकवतो तोच विकतो असा नियम आहे. मे मध्ये ओहाय नावाच्या कॅलिफोर्नियातल्या गावची पिक्सी संत्री शेवटच्या टप्प्यात मिळू शकतात, बी नसते आणि साल हाताने सुटते. नागपूरच्या माणसाने खाऊन पाहायलाच पाहिजे. मला गोड वाटली पण आपल्या संत्र्याचा आंबटपणा त्यात नाही.

सध्या_एलए:
स्वेटर न्या. नागपुरात ४४ असताना कोणी ऐकत नाही पण तिथे समुद्राजवळ मे मध्ये वीसच्या आसपास असते आणि सकाळी ढग दुपारपर्यंत हटत नाहीत. समुद्र प्रोमनाडपासून दोनच ब्लॉक, पण वाळू एकदम नाही लागत, आधी ओशन ॲव्हेन्यू, मग पॅलिसेड्स पार्क, आणि ते उंच कड्यावर आहे. बाबांना जिने उतरवू नका. पार्कातल्या बाकावर बसवा, पूर्ण समुद्र दिसतो. पिअरवर (समुद्रात बांधलेल्या धक्क्यावर) जायचं असलं तर कोलोरॅडोच्या टोकाला उतार आहे, येताना तोच चढ लागेल, तेव्हा आधी विचार करा.

महालची_पोर:
सगळ्यांचे खूप खूप आभार, बाबांना सगळं वाचून दाखवलं. मागच्या गल्लीचं ऐकून ते उठून बसले, म्हणाले त्या भाऊंना विचार, रात्री माल उतरतो की सकाळी? बुधवार पक्का केला, सकाळी बाजार, मग दोन ब्लॉक, जेवण, आणि संध्याकाळी पार्क. सूर्यास्त समुद्रात दिसतो का तिथून?

जुना_बर्डीवाला:
मी पाहिलं तेव्हा बहुतेक सकाळी, दुकानं उघडायच्या आधी. बाबांना म्हणा सकाळी लवकर गेलात तर गल्लीतून एक चक्कर मारा.

सध्या_एलए:
मे मध्ये सूर्य मालिबूच्या डोंगरामागे जातो, पाण्यात मावळताना पाहायचा तर हिवाळ्यात यावं लागते. पण पावणेआठपर्यंत उजेड असतो, बसा निवांत. परतीची ट्रेन रात्रीपर्यंत मिळते.