विषय: हँडबॉल विश्वचषकातले कोणते क्षण दाखवायचे?

नमस्कार मंडळी,

क्रीडासंध्येला महिला हँडबॉल विश्वचषकातले गाजलेले क्षण दाखवायचे आहेत, सुचवा, असं समितीने कळवलंय. माझ्याकडून एकच, पण ठाम: २०१९चा अंतिम सामना, जपानमधलं कुमामोतो, नेदरलँड्स विरुद्ध स्पेन.

२९-२९ अशी बरोबरी, घड्याळात मोजके सेकंद. नेदरलँड्सला मधल्या रेषेवरून थ्रो-ऑफ (गोल झाल्यावर खेळ पुन्हा सुरू करणारी फेक) घ्यायचा होता आणि स्पेनच्या खेळाडूने आडवं येऊन तो रोखला. शेवटच्या ३० सेकंदांत असं केलं की थेट लाल कार्ड आणि समोरच्यांना सात मीटरची पेनल्टी. लोइस ॲबिंग पुढे आली. शिट्टी वाजल्यावर तीन सेकंदांत चेंडू सोडावाच लागतो, आणि गोलकीपरला चार मीटरच्या खुणेपर्यंत पुढे येता येतं, म्हणजे ती जवळजवळ अंगावरच आलेली असते. ॲबिंगने गोल केला. ३०-२९! नेदरलँड्सचं हे पहिलंच विश्वविजेतेपद, तेही पहिल्या सामन्यात स्लोव्हेनियाकडून हरल्यानंतर. तो गोल आजही पाहताना माझे हातपाय गार पडतात.

—

ताई, नमस्कार.

गोल थरारक आहेच, वाद नाही. पण नुसती पेनल्टी दाखवू नका, आधीचा थ्रो-ऑफही दाखवा. नाहीतर नवख्या माणसाला वाटेल, पंचांनी सामना फुकट देऊन टाकला. पूर्वी असा थ्रो अडवून वेळ मारून नेता यायची, म्हणून तर नियम एवढा कडक केला. तो अगदी योग्य आहे असं मला वाटतं.

माझं मत मात्र २०१३च्या ब्राझीलला. बेलग्रेडमध्ये यजमान सर्बियाविरुद्ध अंतिम सामना, १९ हजारांहून जास्त प्रेक्षक, आणि त्यातले बहुतेक सगळे विरोधात. ब्राझील २२-२०ने जिंकलं. त्याआधी युरोपबाहेरच्या एकाच देशाने हा चषक नेला होता, दक्षिण कोरियाने, १९९५मध्ये.

तो विजय काही अचानक हाती लागला नव्हता. दोन वर्षांपूर्वी साओ पावलोत, घरच्या प्रेक्षकांसमोर, याच मुली उपांत्यपूर्व फेरीत स्पेनकडून एका गोलाने हरल्या होत्या. त्यांच्यातल्या बऱ्याच जणी ऑस्ट्रियातल्या हायपो क्लबकडून एकत्र खेळत होत्या. राष्ट्रीय संघाचे डॅनिश प्रशिक्षक मॉर्टन सूबाक तिथेही त्यांना शिकवत. वर्षभर एकमेकींच्या शेजारी उभं राहून बचाव केला की कोण कधी सरकणार हे बोलावं लागत नाही. बेलग्रेडला जाण्याआधीच हे सगळं घडलेलं होतं. हंगेरीविरुद्धची उपांत्यपूर्व लढत दोनदा जादा वेळेत गेली, ३३-३१. माझ्या मते ती अंतिम सामन्यापेक्षाही सरस! सगळ्यात आधी ती दाखवा.

—

काका, पटलं. थ्रो-ऑफपासूनच दाखवू, आणि हंगेरीची लढत पहिली.

तुम्ही बचावाचं काढलंत म्हणून आणखी एक सुचवते: २०२१चा अंतिम सामना, स्पेनमधलं ग्रानोयेर्स, नॉर्वे विरुद्ध फ्रान्स. त्याच वर्षी ऑलिंपिक सुवर्ण जिंकलेलं फ्रान्स मध्यंतराला १६-१२ पुढे होतं. पुढच्या ३० मिनिटांत त्यांना फक्त सहा गोल करता आले, नॉर्वेने १७ केले आणि २९-२२ असा सामना जिंकला. गोलांच्या झलका दाखवणाऱ्या चित्रफितीत हे कळतच नाही, कारण त्यात अडवलेले चेंडू नसतात. फ्रान्सची खेळाडू उडी घेते, समोर चार हात उभे, तिला वाट बदलावी लागते आणि फेक कमजोर होते. हेच पुन्हा पुन्हा.

म्हणून यातला दुसरा अर्धा भाग सलग दाखवावा, काटछाट न करता. वेळ जास्त लागेल, पण समितीने तेवढी द्यावी अशी माझी विनंती आहे. वेळ कमी पडला तर माझी पेनल्टी वगळा, हे वगळू नका.