एच८१ मदरबोर्डवर आरएक्स ६५०० एक्सटी हे ग्राफिक्स कार्ड पूर्ण क्षमतेने चालेल का?

सुदामानगरकर, इंदूर

नमस्कार. माझ्या धाकट्या बहिणीने यंदा अ‍ॅनिमेशनच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला आहे आणि तिला घरी ब्लेंडर या त्रिमितीय अ‍ॅनिमेशनच्या सॉफ्टवेअरचा सराव करायचा आहे. नवा संगणक घेणे सध्या शक्य नाही. त्यामुळे घरातल्या जुन्या संगणकातच ग्राफिक्स कार्ड बसवावे, असा विचार आहे. प्रोसेसर कोअर आय५ ४५७०, मदरबोर्ड एच८१ चिपसेटचा, रॅम ८ जीबी आणि एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, ४५० वॅटचा आहे. बाजारात दोन ठिकाणी विचारले, तेव्हा दोघांनीही सांगितले की कार्ड बसवण्याची खाच, म्हणजे स्लॉट, लांब आहे, म्हणजे कोणतेही कार्ड बसेल. आमच्या बजेटमध्ये आरएक्स ६५०० एक्सटी बसते. मात्र त्या कार्डावर पीसीआय एक्सप्रेस ४.० असे लिहिले आहे आणि आमच्या मदरबोर्डच्या पुस्तिकेत २.० असे आहे. हा फरक किती मनावर घ्यावा?

रामबागवासी, इंदूर

कार्ड बसेल आणि चालेलही, कारण पीसीआय एक्सप्रेसच्या, म्हणजे कार्ड आणि मदरबोर्ड यांच्यातल्या जोडणीच्या, नव्या-जुन्या पिढ्या एकमेकींशी जुळवून घेतात. तरीही याच कार्डाच्या बाबतीत हा फरक मनावर घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

स्लॉटची लांबी आणि त्यातून प्रत्यक्ष काम करणाऱ्या लेनची, म्हणजे माहिती वाहून नेणाऱ्या वाटांची, संख्या या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आरएक्स ६५०० एक्सटी लांब स्लॉटमध्येच बसते, पण त्याची जोडणी चारच लेनची आहे. ४.० पिढीत एका लेनमधून सेकंदाला सुमारे २ जीबी माहिती जाते, म्हणजे चार लेनमधून ८ जीबी, आणि हे कार्ड तोच वेग गृहीत धरून बनवलेले आहे. २.० पिढीत एका लेनचा वेग साधारण अर्धा जीबी असतो. तुमच्या मदरबोर्डवर म्हणूनच या कार्डाला सेकंदाला केवळ २ जीबी, म्हणजे अपेक्षित वेगाच्या एक चतुर्थांश वेग मिळेल. तुमचा प्रोसेसर ३.० पिढीपर्यंत जाऊ शकतो, परंतु एच८१ चिपसेट त्याला २.० वरच अडवतो. याच प्रोसेसरबरोबर बी८५ चिपसेटचा मदरबोर्ड असता तर ही अडचण निम्म्याने कमी झाली असती.

याउलट एनव्हिडियाचे जीटीएक्स १६५० हे २०१९ सालचे कार्ड आहे. ते ३.० पिढीचे असले तरी त्याला पूर्ण १६ लेन आहेत, त्यामुळे तुमच्या जुन्या स्लॉटमध्येही त्याला सेकंदाला ८ जीबी मिळतात. कागदावर जुने दिसणारे कार्ड तुमच्या मदरबोर्डवर असे अधिक मोकळेपणाने काम करील.

ब्लेंडरसाठी आणखी एक बाब महत्त्वाची आहे. रेंडर करताना, म्हणजे दृश्यातून अंतिम चित्र तयार करताना, दृश्याची सारी माहिती बहुतांशी एकदाच कार्डाच्या मेमरीत चढते आणि पुढची आकडेमोड कार्डावरच चालते, त्यामुळे स्लॉटचा वेग तिथे फारसा आड येत नाही. दृश्य मेमरीत मावेनासे झाले की मात्र माहितीची ने-आण सुरू होते आणि तेव्हा अरुंद वाट जाणवते. या दोन्ही कार्डांवर सहसा ४ जीबीच मेमरी असते, म्हणून मोठे टेक्स्चर, म्हणजे वस्तूंच्या पृष्ठभागावर चढवायची चित्रे, जपून वापरण्याची सवय ताईंनी सुरुवातीपासूनच लावून घ्यावी. ब्लेंडर एनव्हिडियाच्या कार्डांवर कुडा ही त्या कंपनीची आकडेमोडीची प्रणाली वापरते आणि शिकणाऱ्याला त्याबाबतची मदतही सहज मिळते, हेही मी १६५०च्या बाजूने धरीन.

बडोदेकर

स्लॉटइतकाच एसएमपीएसचा विचार करा. स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. आरएक्स ६५०० एक्सटी १०७ वॅटचे असल्याने त्याला सहा पिनची वेगळी वीजजोडणी लागते. १६५०ची अनेक मॉडेल त्या जोडणीशिवाय चालतात, काहींना मात्र ती लागते, तेव्हा घेण्यापूर्वी कार्डाची कड नीट पाहावी. एसएमपीएसवर ४५० वॅट लिहिले आहे एवढ्यावर विसंबू नका, स्टिकरवरील १२ व्होल्टच्या ओळीतले अँपिअर वाचा. तिथे १६ अँपिअर असतील तर त्या ओळीतून १९२ वॅटच मिळतात. तुमचा प्रोसेसर ८४ वॅटचा आहे. त्यात ७५ वॅटचे कार्ड आणि वर हार्ड डिस्क व पंखे धरले, तर उन्हाळ्यात जुन्या एसएमपीएसवर फारच ताण येईल. हार्ड डिस्कच्या पिनला कन्व्हर्टर लावून सहा पिनची सोय करण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो कृपया मानू नका.

लष्कर, ग्वाल्हेर

माझा अनुभव सांगतो. माझ्याकडे बी४५० चिपसेटचा मदरबोर्ड आहे आणि त्यावर दोन लांब स्लॉट आहेत. वरच्या स्लॉटमध्ये कार्ड लावले की हार्ड डिस्कच्या साटा केबल दबत होत्या, म्हणून मी ते खालच्या स्लॉटमध्ये लावले आणि दोन महिने कार्डच सदोष आहे असे समजून हळहळत राहिलो. पुढे ग्राफिक्स कार्डाची माहिती दाखवणारे जीपीयू-झेड हे सॉफ्टवेअर उघडून ‘बस इंटरफेस’ची ओळ वाचली तेव्हा कळले की तो स्लॉट दिसायला १६ लेनचा असला तरी त्यात चारच लेन, त्याही २.० पिढीच्या आहेत. काटकोनी टोकाच्या साटा केबल आणून कार्ड वर बसवले आणि अडचण तिथेच मिटली. ही ओळ वाचताना शेजारच्या प्रश्नचिन्हावर क्लिक करून रेंडर टेस्ट चालू ठेवावी, कारण काम नसताना वीज वाचवण्यासाठी कार्ड स्वतःच खालच्या पिढीचा वेग धरते आणि ओळ वाचणाऱ्याची फसगत होते.

सुदामानगरकर, इंदूर

आपणा सर्वांचे मनापासून आभार. आज कॅबिनेट उघडून पाहिले. लांब स्लॉट एकच आहे, कार्डासाठी दहा इंच मोकळी जागा आहे, आणि एसएमपीएसच्या स्टिकरवर १२ व्होल्टपुढे १४ अँपिअर लिहिले आहेत, म्हणजे बडोदेकरांच्या हिशेबापेक्षाही कमी. त्यामुळे आधी चांगला एसएमपीएस आणि नंतर वेगळी वीजजोडणी न लागणारे, वापरलेले जीटीएक्स १६५० घ्यावे, असे ठरवले आहे. वापरलेले कार्ड घेताना काय पाहावे?

रामबागवासी, इंदूर

आरएनटी मार्गावर कार्ड घ्यायला जाताना आपला संगणकच सोबत न्या आणि कार्ड त्यातच लावून मागा. ब्लेंडरमधले एखादे दृश्य वीस मिनिटे रेंडर करा, पंख्याचा आवाज ऐका आणि पडद्यावर ठिपके किंवा पट्टे उमटतात का ते पाहा. सुरुवातीलाच पडदा काळा राहिला, तर कार्ड नाकारण्यापूर्वी केबल मदरबोर्डच्या नव्हे, कार्डाच्याच पोर्टला लावली आहे ना, हे तपासा. पैसे उरले तर रॅम १६ जीबी करून घ्या. एच८१वर रॅमचे दोनच स्लॉट असतात आणि १६ जीबी हीच त्याची कमाल मर्यादा आहे, तेव्हा आत्ता ४ जीबीच्या दोन पट्ट्या असतील तर त्या काढून ८ जीबीच्या दोन घ्याव्या लागतील.