वाळलेलं लॅव्हेंडर आईच्या झोपेसाठी कसं वापरू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

जूनमध्ये आम्ही जम्मू-काश्मीरमधल्या डोडा जिल्ह्यातल्या भदरवाहला जाऊन आलो. सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेच्या अरोमा मिशनमधून, म्हणजे सुगंधी पिकांच्या योजनेतून, रोपं मिळाल्यापासून तिकडच्या बऱ्याच शेतकऱ्यांनी मका सोडून लॅव्हेंडर धरलंय. एका काकूंच्या अंगणातून पाव किलो वाळलेली फुलं घेतली. फुलं म्हणजे ओव्यापेक्षा थोड्या मोठ्या, करड्या-जांभळ्या कळ्याच. वरून सुगंध मारलेला नाही, काकूंनी देठावरून माझ्यासमोर झाडून दिल्या.

आणल्या त्या आईसाठी. आई ७२ वर्षांची आहे. बाबा गेल्यापासून तिची झोप उडालीय. रात्री दीडला जाग येते, मग पहाटेपर्यंत जपमाळ घेऊन बसून असते. डॉक्टरांनी झोपेची अर्धी गोळी दिली आहे. मी चिमूटभर कळ्या तिच्या तळहातावर चोळल्या, तर म्हणाली, "अगं, दवण्याची आठवण झाली!" तिचं माहेर कोल्हापूरचं. चैत्रात जोतिबाचा दवणा घरी आला की आजी तो वाळवून लुगड्यांच्या ट्रंकेत ठेवायची. त्या रात्री कितीतरी वेळ ती माहेरचंच बोलत होती. म्हणून हे नीट वापरायचंय.

आतापर्यंत दोनदा फसलं. चहासारखं म्हणून मोठा चमचाभर कळ्या दहा मिनिटं उकळल्या, तर कडूजहर काढा झाला आणि साबण प्यायल्यासारखं वाटलं. मग मलमलच्या पुरचुंडीत भरून उशीखाली ठेवल्या. आठवडाभरात वास गेला, आणि इथल्या पावसाळी हवेत कळ्या सादळल्या. एका पुरचुंडीला तर बुरशीच आली.

प्रमाण काय घ्यावं? झोपेच्या गोळीबरोबर चालतं का? पावसाळ्यात टिकवायचं कसं? खोबरेलात मुरवून कुणी तळपायाला लावलंय का? घरात मांजर आहे, तेही सांगून ठेवते.

प्रतिसाद १
ताई, उकळू नका. कपभर उकळतं पाणी गॅसवरून उतरवून त्यात लहान चमचाभरच कळ्या टाका, झाकण ठेवा, पाच मिनिटांनी गाळा. वास ज्या तेलात असतो ते उडून जाणारं. उघड्यावर उकळलं की ते वाफेबरोबर जातं आणि कडवटपणा तेवढा मागे राहतो. पण गोळी चालू आहे तोवर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पोटात काही देऊ नका, गुंगी वाढू शकते. रात्री उठताना तोल गेला तर या वयात महागात पडेल.

प्रतिसाद २
पुरचुंडी फेकू नका, झोपताना बोटांनी चुरडा. कळी मोडली की वास पुन्हा येतो. बुरशी आलेली मात्र टाकूनच द्या. बाकीच्या पंख्याखाली सावलीत दोन दिवस पसरा, उन्हात नको, तव्यावर तर नकोच. मग काचेच्या घट्ट झाकणाच्या बरणीत अंधारात ठेवा आणि लागतील तेवढ्याच काढा. खोबरेलात मुरवण्याआधी कळ्या कडकडीत कोरड्या हव्यात, आणि तेल आधी मनगटाला लावून एक दिवस बघा. काहींना पुरळ येतं. मांजराला लॅव्हेंडर बाधतं, त्यामुळे तेल लावल्यावर पायमोजे घालायला सांगा.

धागाकर्ती
मनापासून आभार. डॉक्टरांना फोन केला. गोळी चालू असेपर्यंत काढा नको म्हणाले, वास घ्यायला हरकत नाही. त्यामुळे चहा बंद. काल रात्री मी पुरचुंडी चुरडायला गेले तर आईने ती माझ्या हातातून घेतली, स्वतःच चुरडत बसली आणि आजीच्या ट्रंकेत काय काय असायचं ते सांगत राहिली. दीडला जाग आलीच, पण चारच्या सुमारास पुन्हा डोळा लागला. उरलेल्या कळ्या बरणीत भरल्या आहेत. तेलाचं कुणी करून पाहिलं असेल तर किती दिवस मुरवलं ते जरूर लिहा.