मदत हवी आहे: कडाक्याच्या थंडीत फ्लाय फिशिंग, नदी नवीन, ट्राउट लागत नाही

खडकमासा
दोन दिवस झाले, एकही मासा नाही. पाणी निवळशंख, तळाशी ट्राउट डोळ्यांना दिसतात, पण फ्लाय (गळावर बांधलेला पिसं-दोऱ्याचा नकली किडा) शेजारून गेली तरी ढिम्म हलत नाहीत. रॉड ९ फुटी, ५ वेट (मध्यम वजनाच्या दोराचा). रॉडवरच्या, दोर ओवायच्या कड्यांत बर्फ धरतो तो ताप वेगळाच. सकाळी ७ ला उतरतो. कोणती फ्लाय लावू? परवा परतायचंय, लवकर सांगा.

डोहकाठ
नदी कोणती? फ्लायचा नंबर (जितका मोठा तितकी फ्लाय लहान), टिपेट (टोकाचा बारीक दोर), पाण्याची खोली, काहीच लिहिलं नाहीत. फ्लायचं शेवटी बघू.

देवदारवाडी
तीर्थन नदी असेल तर रॉड आधी बॅगेत ठेवा. हिमाचलात १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर ट्राउटची मासेमारी बंद असते. मार्चमध्ये जा, आणि बर्फ वितळून पाणी गढूळ व्हायच्या आत उरका.

खडकमासा
तीर्थन नाही हो. कोलोरॅडो, साउथ प्लॅट नदी, डेकर्सजवळ. लायसन्स काढलंय. हेअर्स इअर निंफ (पाण्यातल्या किड्याच्या पिल्लासारखी फ्लाय) १४ नंबर, ४एक्स टिपेट, वर इंडिकेटर (तरंगता खूणगोळा).

डोहकाठ
मग फ्लाय फार मोठी आणि टिपेट जाड (एक्सचा आकडा वाढेल तसा दोर बारीक). थंडीत तिथे ट्राउटचं खाणं म्हणजे मिज नावाच्या चिलटांच्या अळ्या, तांदळाच्या कणीएवढ्या. वर झेब्रा मिज २० नंबर, काळी किंवा लाल. तिच्या गळाच्या वाकापासून दीड फूट ६एक्स फ्लोरोकार्बन, टोकाला करडी आरएस-टू फ्लाय, २२ नंबर.
आणि ७ ला कशाला उतरता? रात्रभर पाणी गारठलेलं असतं, सकाळी बर्फाचा चिखल वाहतो आणि गळाला चिकटतो. साडेदहा ते तीन एवढीच वेळ धरा. पाणी ३ अंशांवरून ५ वर गेलं तरी फरक पडतो. खिशात थर्मामीटर ठेवा.

गांडूळवाला
एवढा खटाटोप कशाला? लाल गांडूळ लावा, तळाला सोडा, लागतोच.

डोहकाठ
नियम वाचा आधी. नदीच्या त्या भागात फक्त कृत्रिम फ्लाय आणि लूर (नकली आमिष) चालतात. वर चीझमन कॅन्यनमध्ये तर प्रत्येक ट्राउट लगेच सोडावा लागतो. असला सल्ला देऊन दंड भरायला लावाल.

ताणदोर
इंडिकेटरच काढा. १० फुटी ३ वेट रॉड, जड निंफ, दोर ताणलेला, म्हणजे ओझरता स्पर्शही हाताला कळतो. दोर फारसा आत-बाहेर होत नाही, त्यामुळे कड्यांत बर्फही कमी धरतो.

डोहकाठ
बर्फाचं पटलं, बाकीचं इथे नाही. थंडीत मासे खळाळ सोडून संथ डोहात उतरतात. तिथे मासा २५-३० फुटांवर, पाणी काचेसारखं. ताणदोरीसाठी इतकं जवळ गेलात की तो बिथरतो. शिवाय त्यांच्याकडे रॉड ९ फुटी आहे.
खडकमासा, डोह किती खोल? इंडिकेटर फ्लायच्या किती वर?

खडकमासा
डोह ५ फूट असेल. इंडिकेटर ३ फुटांवर. लीडर (मुख्य दोराला जोडलेला निमुळता दोर) साडेसात फुटी.

डोहकाठ
सापडलं! तुमची फ्लाय माशाच्या डोक्यावरून दोन फूट वर जातेय. थंड पाण्यात तो घासासाठी वीतभरही वर येत नाही, मिळेल त्यापेक्षा जास्त शक्ती खर्च होते. इंडिकेटर खोलीच्या दीडपट, म्हणजे साडेसात फुटांवर. लीडर पुरणार नाही, तेव्हा ५एक्सचा अडीच फूट तुकडा जोडून झेब्रा मिज त्यावर बांधा. चारपाच फेकींतून एकदा शिसं (फ्लायच्या वर दोराला दाबलेला गोळा) तळाला टेकलं पाहिजे. टेकत नसेल तर फ्लाय बदलू नका, शिसं वाढवा. इंडिकेटर वरच्या फेसापेक्षा किंचित हळू वाहिला तर फ्लाय तळाच्या वेगाने चाललीय असं समजा.
घास जोरात लागणार नाही. इंडिकेटर क्षणभर अडखळतो, इतकंच. तेवढ्यावर रॉड प्रवाहाच्या खालच्या बाजूला हलकेच उचला. झटका दिलात की ६एक्स तुटलंच.

ताणदोर
कड्यांतला बर्फ नखाने उपटू नका, टोकाची कडी निघून येते. रॉड पाण्यात बुडवून धरा, बर्फ सुटतो. कोरड्या कड्यांना आधी लिप बाम लावला तर तासभर निभतं.

पाणमांजर
बुटांचे तळवे फेल्टचे (नमद्याचे) आहेत का? बर्फात फेल्टखाली गोळे धरतात आणि घोटा मुरगळतो. रबरी तळवा, खिळे लावलेला. (फेल्ट ओला राहतो, त्यातून परके जीव एका नदीतून दुसरीत जातात. न्यूझीलंडने २००८ मध्ये बंदीच घातली.) मोजे दोन जोड कोंबून पाय आवळू नका, रक्त खेळत नाही आणि बोटं आधी बधिर होतात.
पाण्यात फिकट, धुतल्यासारखी खडी दिसली तर पाय ठेवू नका. ब्राउन ट्राउट शरदात वीण घालतात, जानेवारीत अंडी त्याच खडीत असतात. मासा लागला तर जाळीतच, पाण्याखाली गळ काढा. हवा शून्याखाली असताना बाहेर धरलात तर कल्ले गोठतात.

देवदारवाडी
अवांतर: तीर्थनला मार्चमध्ये कोणी जाणार आहे का?

खडकमासा
उद्या साडेदहाला उतरतो. शिसं वरच्या फ्लायपासून किती लांब?

डोहकाठ
आठ इंच वर. ५एक्सचा तुकडा तिथे कापून परत जोडा, म्हणजे गाठ तिथे येईल, आणि शिसं गाठीच्या वरच्या अंगाला दाबा, नाहीतर सरकत फ्लायपर्यंत येतं.