कोब्रा किट: पाय वाचवायचे तर बेल हाउसिंग स्टीलचंच

रात्रपाळी (मिशिगन)
गेल्या हिवाळ्यापासून गॅरेजमध्ये फॅक्टरी फाइव्ह कंपनीच्या कोब्रा या जुन्या स्पोर्ट्स कारच्या प्रतिकृतीचं किट (सुटे भाग) जोडतोय. इंजिन फोर्डचं ४२७ घनइंची विंडसर, ताकद ५०० हॉर्सपॉवरच्या आसपास, गिअरबॉक्स ट्रेमेक टीकेओ-६००. सोबत आलेलं ॲल्युमिनियमचं ओतीव बेल हाउसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्समधलं, फ्लायव्हील-क्लच झाकणारं कवच) बाजूला ठेवून मी एसएफआय ६.१ (शर्यतीच्या गाड्यांच्या भागांचं अमेरिकी सुरक्षा मानक) प्रमाणित स्टीलचं घेतलंय. इतक्या ताकदीच्या प्रत्येक किट कारमध्ये तेच असावं असं माझं ठाम मत आहे.

या गाडीत इंजिन इतकं मागे असतं की फ्लायव्हील, म्हणजे क्रँकच्या टोकाची जड चकती, थेट पायाशेजारी फिरतं. परवा पेडलं बसवून झाल्यावर सीटवर बसलो, उजवा पाय ॲक्सिलरेटरवर ठेवला आणि हाताने चाचपलं. पावलापासून हाउसिंग वीतभरही लांब नाही. मध्ये फक्त मिलिमीटरभर जाडीचा पत्रा! १० किलोची, ३० सेंटिमीटर व्यासाची चकती मिनिटाला ६,५०० फेरे घेते तेव्हा तिच्या कडेचा वेग ताशी ३६५ किलोमीटरच्या वर जातो. तेच वजन अडीचशे मीटरवरून खाली पडावं एवढी ऊर्जा तिच्यात असते. ती फुटली तर ओतीव ॲल्युमिनियम तुकडे अडवत नाही, त्याचेच आणखी तुकडे होतात.

टूलरूम_चाकण
काळजी रास्त आहे, पण तुम्ही चुकीच्या टोकाकडून सुरुवात केलीत. फुटतं ते फ्लायव्हील. कास्ट आयर्नचं, तापून निळं पडलेलं, केसाएवढ्या चिरा गेलेलं. आधी पैसे तिथे घाला: एसएफआय १.१ (फ्लायव्हील-क्लचचं मानक) चं बिलेट, म्हणजे सलग ठोकळ्यातून कापलेल्या, स्टीलचं फ्लायव्हील, त्याच दर्जाचा क्लच, आणि रेव्ह लिमिटर (इंजिनाचे फेरे रोखणारी यंत्रणा) ६,२०० वर. रस्त्यावरच्या गाडीला तेवढं पुरतं. जेमतेम हजार-अकराशे किलोच्या गाडीत हे जड धूड कशाला?

रात्रपाळी
फ्लायव्हीलचं पटलं, आजच मागवतो. लिमिटरचं मात्र नाही पटलं. तिसऱ्यात ६,००० वर असताना चौथा टाकायला गेलो आणि हात चुकून दुसऱ्यात गेला तर? तिसऱ्याचं गुणोत्तर १.२८, दुसऱ्याचं १.८९. क्लच सोडला की चाकंच इंजिनाला ८,८५० पर्यंत ओढत नेणार. लिमिटर ठिणगी तोडेल, चाकांना कसा थांबवेल? आणि फ्लायव्हीलला फाडणारं बल फेऱ्यांच्या वर्गानं वाढतं, म्हणजे ६,२०० फेऱ्यांना असतं त्याच्या दुप्पट.

पाव_मैल (न्यू जर्सी)
दादा, तुम्ही दोघं 'हे की ते' म्हणून भांडताय. एनएचआरए या अमेरिकेतल्या ड्रॅग शर्यतींच्या (सरळ पट्ट्यावरच्या वेगाच्या शर्यती) संस्थेच्या नियमात पाव मैल ११.४९ सेकंदांत किंवा त्याहून लवकर कापणाऱ्या क्लचच्या गाडीला दोन्ही लागतं, प्रमाणित फ्लायव्हील-क्लचही आणि शील्डही, म्हणजे असं तुकडे अडवणारं हाउसिंग. चांगले टायर असतील तर ही गाडी तिथवर पोचू शकते. १९७० मध्ये कॅलिफोर्नियातल्या लायन्स ड्रॅग स्ट्रिपवर नामांकित ड्रॅग रेसर डॉन गार्लिट्सच्या ड्रॅगस्टरचा (शर्यतीच्या गाडीचा) गिअरबॉक्स फुटला, उजवं पाऊल अर्धं गेलं. नंतर त्यानं इंजिनच पाठीमागे नेलं. तिथे फुटला गिअरबॉक्स, क्लच नव्हे, पण पायाशेजारी काय फिरतंय याचा विचार त्यापुढे सगळ्यांनाच करावा लागला.

इनपुट_शाफ्ट
मी स्टीलच्या विरोधात आहे, आणि तेही अनुभवावरून. माझ्या गाडीत एका दुकानानं ते डायल (सूक्ष्म फरक दाखवणारं काट्याचं मापयंत्र) न लावता बसवलं. "सगळी अशीच बसतात," म्हणाले. तीन हजार किलोमीटरमध्ये गिअरबॉक्सचं पुढचं (इनपुट) बेअरिंग ओरडायला लागलं, गिअर अडकायला लागले. ही हाउसिंग तुकडे वेल्ड करून बनतात, त्यामुळे मधलं भोक क्रँकच्या मध्याशी जुळेलच असं नाही. ट्रेमेक पाच थाउच्या (इंचाचा हजारावा भाग) आत रनआउट, म्हणजे फिरवताना काट्याची एकूण हालचाल, मागते. कधीतरी फुटेल या भीतीपायी रोज झिजणारा गिअरबॉक्स मला नको.

रात्रपाळी
तुमचं ऐकून काल डायल लावला. फ्लायव्हील उतरवलं, मॅग्नेटचा स्टँड थेट क्रँकच्या फ्लँजवर, टोक हाउसिंगच्या भोकात. हातानं क्रँक फिरवला तर काटा तेरा थाउ हलला! बरं झालं बोललात. तेराचे अर्धे साडेसहा, म्हणून सात थाउच्या ऑफसेट डॉवेल पिना (हाउसिंगची जागा ठरवणाऱ्या, मध्य सरकवलेल्या खुंट्या) आणल्या आणि दोन्हींच्या खाचा एकाच दिशेला ठेवल्या. तीनदा हाउसिंग उतरवून चढवलं. आता काटा दोन थाउवर आहे. म्हणजे दोष स्टीलचा नव्हता, न मोजण्याचा होता.

टूलरूम_चाकण
दोन थाउ म्हणजे झकास काम. रस्त्यासाठी जड आहे हे माझं मत कायम आहे. पण बसवलंच आहे तर आता स्टार्टर बघा. इंजिन आणि हाउसिंगच्या मधल्या ब्लॉक प्लेटच्या (पातळ पत्र्याच्या) जाडीनं स्टार्टरचं छोटं दातेरी चाक, पिनियन, मागे-पुढे होतं. फ्लायव्हीलच्या कडेच्या दात्यांशी (रिंग गिअरशी) त्याचे दात पूर्ण भिडतात का, ते गिअरबॉक्स चढवायच्या आधी तपासून घ्या.