पंप कोणता घ्यावा? बजेट ५०० (जाऊ बाळंतीण आहे, वेचणीला जाणार)

धुऱ्यावरची: जाऊ २० वर्षांची. पहिलीच मुलगी, आज २४ दिवसांची. जन्माचं वजन २१०० ग्रॅम. दीर हैदराबादला बांधकामावर गेला, दिवाळीपासून फोन बंद. सोमवारपासून ती कापूस वेचायला निघते म्हणते, किलोवर मजुरी आहे, घरी बसून चूल पेटत नाही. आठ ते पाच लेकरू सासूबाईंजवळ. दूध काढून ठेवायला पंप सुचवा. ५०० च्या वर एक रुपया नाही. फ्रीज नाही. उजव्या बाजूला चिरा पडल्या, पाजताना दोघी रडतात. गाव पांढरकवड्याजवळ.

पुण्यातली_वैदर्भीय: इलेक्ट्रिकच घ्या! माझा ५८०० चा होता, दोन्ही बाजूंना एकदम लागतो, मी मीटिंगमध्ये बसून दूध काढायची.

ठेचा_भाकर: बजेट वाचलं का बाप्पा? आन् लाइन गेली का मंग काय त्याले हातानं फिरवायचं?

पुण्यातली_वैदर्भीय: चार्जिंगचा असतो हो. स्वस्तातलं महागात पडतं एवढंच म्हणायचं होतं.

संत्रावाली: ५०० च्या आत रबरी भोंग्याचा मिळतो, मी १८० ला आणला होता. घेऊ नका. भोंग्यात दूध शिरतं, आतून धुताच येत नाही. दोन दिवसांत आंबूस वास. फेकला. त्यापेक्षा अळिवाची खीर द्या, दूध वाढतं म्हणतात.

गोवर्धन_नाना: मायनं आम्हाले शेळीच्या दुधावर वाढवलं. काही झालं नाही. सात जण होतो.

ठेचा_भाकर: आता किती आहात नाना?

गोवर्धन_नाना: पाच. ते वेगळं कारण होतं.

आशा_मारेगावकडची: नाना, शेळीचं, गाईचं, मध, गुटी, पाणीसुद्धा सहा महिने नको. ताई, लेकरू अडीच किलोच्या आतलं आहे, त्याला जास्त जपायला लागतं. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाच्या सहा घरभेटी असतात: ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. २८ वा दिवस चार दिवसांवर आहे. तिला पाजताना बघायला सांगा, नुसतं वजन करून जाऊ देऊ नका.

संत्रावाली: आमच्याकडे येते ती दारातूनच सही घेऊन जाते.

आशा_मारेगावकडची: सगळ्या तशा नसतात. मला मागच्या महिन्याचा मोबदला अजून मिळाला नाही, तरी फिरून राहिली.

निवृत्त_सिस्टर: आधी चिरा बघा, पंप नंतर. लेकरू नुसतं बोंड धरत असेल तर बहुतेक वेळा चिरा पडतात. जाऊबाईंना भिंतीला टेकून बसवा. लेकराचं पोट आईच्या पोटाला, नाक बोंडासमोर. जांभईएवढं तोंड उघडेपर्यंत थांबायचं, मग हनुवटी आधी टेकेल असं जवळ ओढायचं. बोंडाभोवतीचा काळा भाग खालून जास्त तोंडात गेला पाहिजे. दुखलं तर करंगळी तोंडाच्या कोपऱ्यात घालून सोडवा, पुन्हा लावा. पाजल्यावर स्वतःच्याच दुधाचे दोन थेंब चिरेवर सुकू द्या. छातीत लाल गाठ आणि ताप आला तर त्याच दिवशी आरोग्य केंद्रात. दिवसाला सहा वेळा लंगोट ओलं होत असेल, वजन वाढत असेल, तर दूध पुरतंय.

वर्धेकर_बाबा: आमच्या सुनेला खासगी दवाखान्यात तिसऱ्याच दिवशी पावडरचा डबा लिहून दिला. महिन्याला अडीच हजार जात होते.

निवृत्त_सिस्टर: १९९२ च्या कायद्याने त्या डब्यांच्या जाहिरातीला बंदी आहे. चिठ्ठीवर मात्र चालतोच.

पुण्यातली_वैदर्भीय: बरं, मग हाताचा पंप घ्या, ९०० पासून सुरू.

निवृत्त_सिस्टर: हातानेही निघतं. अंगठा वर, बोटं खाली, आधी छातीकडे दाबायचं, मग दोन्ही जवळ आणायची. बोंड पिळायचं नाही. उकळलेल्या स्टीलच्या वाटीत, झाकण ठेवून, वाटी-चमच्याने पाजायचं. पण आठला काढलेलं दूध फ्रीजविना मी बाराच्या पुढे पाजू देणार नाही. पंप ५८०० चा असला तरी दुपारचा प्रश्न तसाच राहतो.

ठेचा_भाकर: किराणावाल्याच्या कोल्ड्रिंकच्या फ्रीजमंदी ठेवा.

संत्रावाली: तो रात्री बंद करतो, बिल वाचवायला.

गोवर्धन_नाना: सव्वा महिना बाळंतिणीनं उंबरा ओलांडू नये. पाणी बी कमी प्यावं.

आशा_मारेगावकडची: पाणी तहान लागेल तेवढं प्यायचं, नाना. बाकी मीही म्हणते, दोन आठवडे थांबा. गाव अनुसूचित क्षेत्रात (आदिवासी भागात) असेल तर अंगणवाडीत अमृत आहाराचं विचारा, बाळंतिणीला सहा महिने एक वेळचं गरम जेवण मिळतं. लेकरू शेतात मात्र नेऊ नका.

धुऱ्यावरची: सगळ्यांचं वाचलं. भिंतीला टेकवून बसवलं, तिसऱ्या वेळेला नीट लागलं, जाऊ पहिल्यांदा रडली नाही. पंप घेत नाही. थांबायलाही जमत नाही, उसनवारी आहे. ३४० ची मच्छरदाणी आणली. शेतात मालकाची खोपडी आहे, तिथे बाज टाकून सासूबाई लेकरू घेऊन बसतील, बैलगाडीनं नेऊ. दर दोन तासांनी जाऊ पाजायला जाईल, तेवढ्या वेळात तिच्या ओळीचा कापूस मी माझ्याबरोबर वेचते.

आशा_मारेगावकडची: फवारणी कधी झाली ते विचारलं का? खोपडीत औषधाचे डबे ठेवतात लोक.

धुऱ्यावरची: फवारणी दसऱ्याआधीची. डबे होते, तीन. काल मालकाला उचलायला लावले, जमीन शेणानं सारवली. पण वास अजून येतो. आज रात्री दार उघडंच ठेवलंय, उद्याही आला तर बाज बाहेर पळसाखाली टाकीन.