स्कोप म्हणजे व्याप्ती का शिवार?

मी जळगावला पोरांना वेब पेज बनवायला शिकवतो, आणि जावास्क्रिप्टच्या (पेजला हालचाल देणारी प्रोग्रामिंगची भाषा) स्कोपपाशी दरवेळी अडतो. पुस्तकी शब्द 'व्याप्ती'. चुकीचा नाही, पण व्याप्ती म्हटलं की पोरांना वाटतं काहीतरी किती पसरलंय ते मोजायचंय, आणि इथे प्रश्न एवढाच की कोडमधे दिलेलं एखादं नाव कुठपर्यंत ओळखलं जातं.

परवा एका पोरीने रावेर, यावल, चोपडा, भुसावळ, जामनेर अशी पाच बटणं केली, दाबलं की तालुक्याचं नाव दिसायला पाहिजे, तर कुठलंही दाबा, अनडिफाइन्ड, म्हणजे किंमतच नाही. फंक्शनच्या (हाक मारली की चालणारा कोडचा तुकडा) आत लूप (तेच काम फेरी फेरीने करणारा कोड), लूपला व्हॅर आय, म्हणजे व्हॅर शब्दाने केलेलं, फेऱ्या मोजणारं 'आय' हे नाव, आणि प्रत्येक बटणाला क्लिकचं फंक्शन लावलेलं. ती म्हणे सर, हाऊ आय कोन शे, मी तर पाच वेगळे दिले. पण आय एकच होता ना, बटण दाबेपर्यंत लूप कधीच संपलेला आणि तो ५ वर जाऊन बसलेला, नावं मात्र ० ते ४ वर.

मग मी फळ्यावर शिवार काढलं. फंक्शन म्हणजे गावाचं शिवार, आतले महिरपी कंस म्हणजे वावरांचे बांध. व्हॅर बांध मानत नाही, फक्त शिव मानतो. व्हॅरच्या जागी वापरायचा, २०१५ ला आलेला लेट बांधावरच थांबतो, आणि लूपमधे तर दर फेरीला नवा आय देतो. व्हॅरचा लेट केला, पाचही बटणं बोलायला लागली. तर शिवार म्हणायला काय हरकत आहे?

—

दादा, मी धुळ्याची. शिवार आवडला, पण बांधावर उभं राहिलं की शेजारच्या वावरातलं पण दिसतं की, स्कोपमधे शेजारच्या फंक्शनमधलं कुठे दिसतं?

आणि इव्हेंटला, म्हणजे पेजवर क्लिकसारखं काही होण्याला, 'घटना' नका म्हणू हो, घटना म्हटलं की पेपरातला अपघात नाहीतर राज्यघटना आठवते. आम्ही सरळ 'क्लिक झाला की' म्हणतो.

—

ताई, बरोबर धरलंत. मग दिसण्याचं नको, नावाचं घेऊ. आमच्या गावात नुसतं आप्पा म्हटलं की कळतं कोण, शिव ओलांडली की विचारतात कोणते आप्पा. आणि घरात आप्पा म्हटलं तर स्वतःचेच, गावातले नाही, म्हणजे आत तेच नाव असलं तर आतलंच चालतं, नसलं तरच बाहेर शोधायचं. हे अगदी स्कोपसारखं आहे.

घटनेचं पटलं. हँडलरला, म्हणजे क्लिक झाला की चालणाऱ्या फंक्शनला, 'हाताळक' पण कोणी बोलत नाही, पोरं 'बटणाला फंक्शन लावलं' म्हणतात आणि त्यात सगळं येतं. फक्त एक फरक शब्दातच पक्का करून द्यावा लागतो, नाव सांगणं वेगळं आणि हाक मारणं वेगळं. बटणाला फंक्शन लावणाऱ्या ॲड-इव्हेंट-लिसनरला फंक्शनचं नुसतं नाव सांगायचं, क्लिक झाला की ब्राउझर हाक मारेल. नावापुढे कंस टाकला की आपणच हाक मारली, फंक्शन पेज उघडताच पळून मोकळं, आणि ते जे परत देईल तेच बटणाला लागतं, बहुतेकदा काहीच नाही. 'कॉल'ला 'आवाहन' लिहिलेलं पाहिलंय मी, हाक असताना आवाहन कशाला?

आता बबलिंग राहिलं. बटणावरचा क्लिक आधी बटणाला, मग त्याच्या बाहेरच्या डिव्हला (चौकटीला), मग बॉडीला (पेजच्या सगळ्या दिसणाऱ्या भागाला), असा वर वर जातो. 'बुडबुडा' मला नाही पटत, आम्ही 'क्लिक वर चढतो' म्हणतो. तुमच्याकडे काय म्हणतात?